आण्णांशी खेळलेली नूरा

संग्रामचा खांदा निखळला त्याचा आवाज मी आखाड्याच्या कठड्यावर बसून ऐकला. निखळवला तो आण्णांनी. आण्णा म्हणजे माझे वडील, हिंदुराव मगदूम, कागल भागातल्या आमच्या गावच्या तालमीचे वस्ताद. संग्राम त्यांचा सगळ्यांत लाडका पठ्ठ्या. जत्रेच्या मैदानात तो नूरा खेळला होता, म्हणजे समोरच्याशी आधीच ठरवून पडला होता. पंचांना कळलं नाही, हलगीवाल्यांना कळलं नाही, पाच हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. आण्णांना मात्र कळलं. खरा पडणारा शेवटपर्यंत मान मातीत रोवून पाठ वर धरतो, आणि संग्रामनं मान रोवलीच नव्हती.

आण्णांनी त्याला आखाड्यात उतरवलं आणि म्हणाले, "आता माझ्यासंगं लढ. खरं लढ." दोन मिनिटांत त्याचा खांदा निखळवला, त्याचं ओरडणं ऐकत स्वतःच परत जागेवर बसवला, आणि त्याला बाहेर काढलं. मग भिंतीकडे गेले. मैदान मारलं की आमच्या तालमीच्या भिंतीवर फोटो लागतो; संग्रामच्या शेजारी माझाही होता. आण्णांनी संग्रामचा फोटो उतरवला, पकडीनं खिळासुद्धा उपटला आणि भोकात चुना भरला. त्या भिंतीवर संग्रामची जागा अजून पांढरी दिसते.

हे आधी सांगते, कारण पुढं जे झालं ते याच माणसाच्या डोक्यासाठी झालं.

आण्णांना अडुसष्टाव्या वर्षी हृदयाचा झटका आला तोही आखाड्यातच. एका पोराला घुटना डाव शिकवत होते. छातीत कळ आली तरी त्याच्या मानेवरचा गुडघा काढला नाही, डाव पुरा केला आणि मग बाजूला लवंडले. कोल्हापुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तपासणी झाली. हृदयाच्या तिन्ही नळ्या तुंबलेल्या, बायपासशिवाय इलाज नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे सगळे कागद माझ्याच पुढ्यात आले.

भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या तनुजा ओगले. बारीक अंगाच्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी एक पट्टा टेबलावर ठेवला. कपाळाला बांधायचा, दोन्ही कानशिलांवर रुपयाएवढ्या दोन चकत्या.

"राजनंदिनी, हृदय मी सांभाळीन," त्या म्हणाल्या. "मला काळजी आहे ती मेंदूची. तुमच्याकडं म्हणतात ना, वात झाला, वातात बडबडतोय? हृदयाच्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांना तो वात होतो. माणूस घरच्यांना ओळखत नाही, नळ्या उपटतो, मारायला धावतो. काहींचा दोन दिवसांत उतरतो. काहींचा लांबतो, आणि जितका लांबतो तितकं डोकं मागं राहतं. विसरभोळेपणा येतो, स्वभाव जातो. माणूस घरी येतो, पण अर्धाच."

"आणि ह्यो पट्टा?"

"हा आधीच सांगतो कुणाला होणार ते."

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. कवटी सगळीकडे जाड, पण कानशिलापाशी पातळ असते. तिथून कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज आत सोडायचा. तो मेंदूच्या नळीतल्या वाहत्या रक्तावर आपटून परत येतो. एसटी अंगावर येताना हॉर्न चढा वाटतो आणि पुढं गेली की उतरतो, तसाच परतलेल्या आवाजाचा सूर बदलतो. त्यावरून रक्त किती वेगानं चाललंय ते कळतं. निरोगी मेंदू स्वतःचं रक्त स्वतः सांभाळतो. अंगातला रक्तदाब उतरला तर तो नळ्या सैल करतो, दाब चढला तर आवळतो. थकलेल्या मेंदूला हे जमत नाही. त्यात ऑपरेशनच्या वेळी रक्त यंत्रातून फिरतं तेव्हा बारीक बुडबुडे आणि कण मेंदूकडे जातात. प्रत्येक कणाची पट्ट्यात टिक् अशी नोंद होते. हजारो माणसांच्या अशा नोंदी पोटात घेऊन यंत्र आता हवामान सांगावं तसं सांगतं की या माणसाला वात होणार, आणि बऱ्याचदा कधी होणार तेही.

आण्णांना पट्टा बसेना. पैलवानाचे कान, मार खाऊन खाऊन फुगून गाठी झालेले. शेवटी डॉक्टरांनी लंगोटाच्या कापडाची पट्टी मागवली आणि मीच तो बांधला. स्पीकरमधून आण्णांच्या डोक्यातलं रक्त ऐकू यायला लागलं. फुस्स, फुस्स, फुस्स. जोर मारताना त्यांचा श्वास तसाच येतो.

पडद्यावर लाल पट्टी आली. यंत्र गोड आवाजात बोललं, "रुग्णास तीव्र व हिंसक संभ्रमाची शक्यता अधिक आहे." शाळेच्या बाई निकाल वाचतात तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाल आलं की काय करताय?" मी विचारलं.

"हात-पाय बांधून गाढ झोपेच्या औषधावर ठेवतो. तीन-चार दिवस. सगळ्या मोठ्या हॉस्पिटलांचा हाच नियम आहे."

"त्यांनी अजून कुणाला बोट लावलेलं न्हाई."

"हो." डॉक्टर म्हणाल्या. "पूर्वी नर्सेसच्या हाताला चावे असायचे, एकीचा डोळा गेला. पट्टा आल्यापासून कुणाला ओरखडा नाही. पण खरं सांगते, आम्ही आळशी झालोय. लाल दिसलं की बांधायचं. त्या झोपेनंसुद्धा म्हाताऱ्यांचं डोकं मंदावतं, हे आम्हाला ठाऊक आहे. दुसरा मार्ग आहे. ओळखीचं माणूस सतत उशाशी बसलेलं असलं, तर वात लवकर उतरतो. पण त्यात धोका आहे. छातीचं हाड मधोमध कापून आम्ही पोलादी तारांनी शिवतो. त्यांनी जोर केला, तारा तुटल्या, हाड उघडलं, तर ते माझ्या हातात राहणार नाहीत."

आण्णा पलंगावर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"नंदे, मला बांधू द्यायचं न्हाई. दावणीला जनावर बांधत्यात."

"आण्णा, तुमच्या छातीचं—"

"छाती गेली तर गेली. डोकं गेलं तर मग ह्यो हिंदुराव कशाला घरी न्यायचा? हात ठेव."

त्यांनी हात पुढं केला आणि मी त्यावर हात ठेवला. आमच्यात सलामीला असाच हात देतात. एकदा दिला की कुस्ती सोडता येत नाही. मी कागदावर सही केली की रुग्णाला बांधणार नाही, मी उशाशी बसेन, काही झालं तर जबाबदारी माझी. पुढल्या महिन्यात माझी राष्ट्रीय कुस्ती संघासाठी निवड चाचणी होती. त्या कागदावर तिचा काही उल्लेख नव्हता.

ऑपरेशन चाललं असताना बाहेरच्या पडद्यावर नातेवाइकांना पट्ट्याचा आवाज ऐकवतात. ही सोय कुणाच्या सुपीक डोक्यातून आली देव जाणे. मी तिथं बसून टिक्-टिक् ऐकत होते. हृदय सुरू करताना तर तो आवाज तव्यावर मोहरी तडतडावी तसा आला. माझ्या शेजारच्या बाईंनी कानात बोटं घातली. मी घातली नाहीत. बापाच्या डोक्याला पडणारा मार निदान ऐकावा तरी, असं मला वाटलं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी आण्णांच्या गळ्यातली नळी निघाली, त्यांनी पाणी मागितलं, मला नावानं हाक मारली. मला वाटलं, यंत्र तोंडावर आपटलं.

दुपारी जेवणाच्या ट्रॉल्या फिरत असताना पडदा लाल झाला. "येत्या अर्ध्या तासात रुग्णाची हिंसक अस्वस्थता अपेक्षित आहे."

त्या पाळीला शमुवेल ब्रदर होते. मिरजेचे, उंच, हातानं हलके, आण्णांना 'बाबा' म्हणायचे. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेल्या. स्पीकरवर म्हणाल्या, "शांत करणारं इंजेक्शन अर्धंच द्या. धरू नका त्यांना. नंदिनी, बोलत राहा."

मी बोलत राहिले. तालमीचं, म्हशीचं, दूध-बदामाचं. आण्णा छताकडे बघत होते. हळूहळू त्यांची नजर खाली आली आणि माझ्यावरून पुढं गेली, मी खुर्ची असल्यासारखी. त्यांनी मानेत खुपसलेल्या नळीला हात घातला. ती उपटली तर रक्ताचं कारंजं उडालं असतं. शमुवेल ब्रदरनी जे कुणीही केलं असतं तेच केलं आणि त्यांचं मनगट धरलं.

पैलवानाचं मनगट धरायचं म्हणजे कुस्ती लावायची.

आण्णांनी मनगट फिरवून सोडवलं आणि डोक्यानं ब्रदरच्या नाकावर धडक दिली. नाकाचं हाड मोडलं. ब्रदर वाकले तसा आण्णांनी त्यांच्या मानेला विळखा घालून त्यांना पलंगावरून पलीकडे फेकलं. औषधांची ट्रॉली कोसळली, बाटल्या फुटल्या. आण्णा पलंगावरून उतरले. छातीतून निघालेल्या दोन नळ्या तटकन तुटल्या आणि फरशीवर रक्त सांडलं. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा देवाचा धावा करायला लागला. यंत्र छताखालून गोड आवाजात बोलतच होतं, "कृपया रुग्णाला शांत करावे." मी त्याला आईवरून शिवी घातली.

"आण्णा, मी नंदी!"

"कोण रं तू? कुठल्या तालमीचा?" त्यांचा आवाज तरुण झाला होता. डोळे लाल, अंगावर हिरवा अर्धा झगा, मधोमध पांढरी पट्टी. ते खाली वाकले. मला वाटलं पडतायत. पण त्यांनी फरशीवरच्या रक्तात तळवा बुडवला, पुढं आले आणि माझ्या खांद्यावर, मानेवर रक्त चोळलं. आखाड्यात उतरल्यावर आम्ही एकमेकांच्या अंगाला माती लावतो, ते करत होते ते.

दारातून सुरक्षेची तीन माणसं हात-पाय बांधायचे पट्टे घेऊन आली.

"मागं व्हा!" मी ओरडले. "हात लावला तर मरतील ते!"

खडाखडी सुरू झाली, एकमेकांचा जोर अजमावायची. त्यांनी माझ्या मानेवर हात टाकला आणि खेचलं. अडुसष्ट वर्षांचा, छाती फाडलेला माणूस, पण हाताला अजून लोखंड. मी रेटा दिला, अगदी थोडा, पडू नये इतकाच, आणि त्यांच्या छातीतून 'कट्' असा आवाज आला. एक तार गेली होती. त्यांना त्याचं काही नव्हतं. ते पुन्हा खेचत होते.

मी त्यांना दोन सेकंदांत खाली घेऊ शकले असते. पण मग ते खालून सुटायला धडपडले असते आणि उरलेल्या तारा गेल्या असत्या. बांधलं असतं तरी ते पट्ट्यांशी झुंजले असते, तारा तशाही गेल्या असत्या. त्यांचं अंग एकाच गोष्टीला थांबणार होतं, आणि ती म्हणजे जिंकणं. समोरच्याची पाठ टेकली की पैलवान थांबतो. तेवढी एकच शिस्त त्यांच्या वातातसुद्धा शाबूत असावी, अशी मी प्रार्थना केली.

पण पडायचं तर खरं पडायला हवं होतं. खोटं वाटलं असतं तर त्यांनी संग्रामसारखा माझाही खांदा काढला असता, आणि तो काढताना त्यांची छाती उघडली असती. मी आयुष्यात कधी ठरवून पडले नव्हते. ज्यानं नूरेसाठी पोटच्या पोरासारखा पठ्ठ्या हाकलला, त्याच माणसाशी मला आता नूरा खेळायची होती, आणि त्याला ती कळू द्यायची नव्हती.

मी डावा पाय पुढं टाकला. त्यांनी पट काढला, माझा पाय उचलला. मी सुटायचा प्रयत्न केल्यासारखं केलं, कंबर फिरवली आणि त्यांचं वजन माझ्या अंगावर येईल अशी मागं कोसळले. फरशीला माती नसते. उजवा खांदा आपटला आणि गळ्याखालचं हाड मोडलं ते मला स्वच्छ ऐकू आलं. तरीही मी मान रोवली. संग्राम जे विसरला होता ते मी विसरले नाही. रक्ताच्या फरशीवर डोकं घासत पाठ वर धरली, त्यांनी गुडघा माझ्या बरगड्यांवर दाबला, आणि मी हळूहळू पाठ टेकवली.

ते सोडेनात. गुडघा तसाच, माझा श्वास कोंडलेला, मोडलेलं हाड आत टोचत होतं. ते इकडंतिकडं बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की निकाल कुणी दिलाच नव्हता.

"ब्रदर!" मी कसाबसा आवाज काढला. "हात वर करा त्यांचा! कुस्ती झाली म्हणा!"

शमुवेल ब्रदर भिंतीला टेकून बसले होते, नाकातोंडातून रक्त वाहत होतं. त्यांना काय कळलं माहीत नाही. पण ते उठले, लडखडत आले, आण्णांचा हात हलकेच धरून जेमतेम खांद्यापर्यंत वर केला आणि म्हणाले, "झाली कुस्ती, बाबा. तुम्ही मारली. चीतपट."

आण्णांनी गुडघा काढला. फरशीला हात लावून तो कपाळाला लावला. मग एकदम थकलेले दिसले आणि ब्रदरच्या खांद्यावर हात ठेवून पलंगाकडे निघाले. पडद्यावरचं लाल पिवळं झालं.

त्यांची छाती त्याच संध्याकाळी पुन्हा उघडावी लागली. एकच तार तुटली होती, तिच्या जागी दोन घातल्या. मला लोखंडी पट्टी आणि स्क्रू बसले. निवड चाचणी गेली. ब्रदरचं नाक थोडं वाकडंच बसलं आणि त्यांनी त्याबद्दल मला एक शब्द ऐकवला नाही. नंतर मी त्यांच्या पाया पडायला गेले तर त्यांनी मलाच बसवून चहा पाजला.

वात पुन्हा आला नाही. पट्टा सतत हिरवा. पण आण्णा बोलेनात. खायला घातलं की खायचे, औषध दिलं की घ्यायचे, आणि मी समोर आले की खिडकीकडे तोंड फिरवायचे. दिवसामागून दिवस हेच. मी शपथ पाळली होती आणि तरीही डोकं गेलं होतं, असं मला वाटायला लागलं. जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन मी ढसाढसा रडले. बांधलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं, हा विचार पाठ सोडेना.

घरी सोडण्याआधी डॉक्टर ओगले तपासायला आल्या.

"पट्टा मला रक्त कसं वाहतंय ते सांगतो," त्या मला म्हणाल्या. "आत काय विचार चाललाय ते नाही सांगत. ते मला विचारूनच बघावं लागतं." मग आण्णांकडे वळून, "आण्णा, हे गाव कुठलं?"

गप्प.

"महिना कुठला चाललाय? वार उलटे म्हणून दाखवा बरं. रवि, शनि..."

डॉक्टरांनी टॅबवर काहीतरी भरलं. मला त्यांचा चेहरा बघवेना.

"बरं, ही कोण तुमची?"

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच.

"कोण न्हाई."

डॉक्टरांचं बोट टॅबवर थांबलं. "तुमची मुलगी ना, आण्णा?"

"मुलगी असती तर नूरा खेळली नसती माझ्यासंगं." आवाज घोगरा होता, पण त्यांचाच होता. "मान रोवली बेस. पर डावा पाय? इतकी वर्सं घासून घेतलेला पाय असा ताटात वाढल्यागत पुढं येतोय व्हय? मला येडा समजलीस?"

माझ्या तोंडून हसू फुटलं की रडू, मला अजून सांगता येत नाही.

"हिकडं ये. वाक खाली."

मी वाकले. त्यांनी कोपर अंगाला चिकटवून, छाती न हलवता, माझ्या गालावर सणसणीत चापट मारली. "नूरा ती नूरा. फोटो उतरणार तुझा."

"आण्णा, हात उचलायचा नाही!" डॉक्टर किंचाळल्या. "नंदिनी, हे काय, पुन्हा सुरू झालं का? बोलावू कुणाला?"

"नको मॅडम," मी गाल धरून म्हणाले. "लिहा तुम्ही. सगळं जागेवर हाय. काडीचं हाललेलं न्हाई."

गाल झोंबत होता आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी दुसराही पुढं केला असता.

घरी आल्यावर आण्णांनी आधी तालमीत नेऊन बसवायला सांगितलं. खुर्चीत बसून त्यांनी बोटानं भिंत दाखवली. पोरं जोर मारायची थांबली. कुणी पुढं होईना, म्हणून मीच एका हातानं माझा फोटो उतरवला. उजवा हात अजून झोळीत होता. फोटो खाली ठेवला, फळीवरची पकड घेतली आणि खिळ्याला लावली. शेजारीच संग्रामची चुन्यानं भरलेली जागा होती.

मागून आण्णांचा आवाज आला.

"खिळा ऱ्हाऊ दे."